उन्हाळा सरता सरता परसबागेतले पंधरा दिवस



मे महिना उतरणीला लागला की घरामागच्या परसबागेकडे कुणाचे लक्ष राहत नाही. विहिरीचे पाणी तळाला गेलेले असते. भेंडी निबर होते, वांग्याची पाने भोकाभोकांची होतात, दोडक्याचा वेल वाळून काथ्यासारखा होतो. घरातल्या कर्त्या माणसांना शेताची घाई लागलेली असते. कौले चाळायची असतात, बांध घालायचे असतात, बी-खताची जमवाजमव करायची असते. अशा वेळी कुणीतरी सहज म्हणते, "आता काय राहिलंय त्या बागेत? सोडा गुरं आत." गुरे आत शिरतात आणि तासाभरात बाग मोकळी होते.

पुढे आषाढ लागतो. पाऊस धरून बसतो, बाजाराची वाट चिखलाने अडते, भाजीचे भाव चढतात. मग घरातली गृहिणी सुकट, कडधान्य आणि लोणचे यांच्यावर दिवस काढते. "परसात चार वेल असते तर बरे झाले असते," असे तेव्हा सगळ्यांनाच वाटते. पण वेळ निघून गेलेली असते. आषाढ-श्रावणातली भाजी आषाढात लावून मिळत नाही. तिची तयारी उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरवड्यात करायची असते.

हा पंधरवडा म्हणजे रोहिणी नक्षत्राचा. रोहिणी साधारण २५ मे रोजी निघते आणि ७-८ जूनला मृग लागतो. या दोन आठवड्यांत परसबागेत काय काय करायचे ते आज सांगणार आहे. त्यातले सर्वांत महत्त्वाचे काम लावणीचे नाही, बी धरण्याचे आहे. ते मी पुस्तकात शिकलो, पण मला कळले ते फार उशिरा, आणि तेही मुंबईत.

दिंडोशीच्या डोंगरउतारावर

मुंबईत परसबाग? तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटले होते. मुंबई उपनगर जिल्ह्यात, गोरेगाव आणि मालाड यांच्यामध्ये, पूर्वेच्या अंगाला दिंडोशी म्हणून भाग आहे. पश्चिम द्रुतगती महामार्ग त्याच्या कडेने जातो. एप्रिल २०२२ पासून तेथे मेट्रोचे स्थानकही झाले आहे. स्थानकातून उतरलात तर चारही बाजूंना इमारतीच इमारती. पण पूर्वेकडे थोडे चालत गेले की जमीन वर चढू लागते आणि झाडी दिसू लागते. एका अंगाला १९४९ साली वसवलेली आरे दुग्ध वसाहत, दुसरीकडे १९७७ सालची चित्रनगरी आणि त्यांच्या पलीकडे शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. या डोंगरउतारांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासी बांधवांचे पाडे आहेत. शहर त्यांच्या दारापर्यंत आले ते नंतर. पाडे मूळचेच.

तेथे आजही पावसाळ्यात भाताची लहान लहान खाचरे लागतात आणि घराभोवती भाजी होते. जागा आता फार नाही. कुणाकडे गुंठाभर, कुणाकडे तेवढीही नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस एका ओळखीच्या माणसाबरोबर मी अशा एका पाड्यावर गेलो होतो. दुपारची वेळ, ऊन रणरणत होते. एका घरापुढे एक वारली आजी सुपात काहीतरी निवडत बसल्या होत्या. घरामागे पाहिले तर चार हात औरसचौरस, दीड हात खोल असे खड्डे खणून उन्हात उघडे टाकलेले. बांबूचे मेढे उभे करून झालेले. एका कोपऱ्यात पानांच्या द्रोणांत रोपे उगवत होती. पावसाला अजून दोन आठवडे होते आणि यांची पावसाळी बाग जवळजवळ तयार होती.

आजींच्या सुपात काकडीचे बी होते. फुटके, पोचट, रंग बदललेले दाणे त्या बाजूला काढत होत्या. शेजारी दुधीचा वाळका तुंबा पडला होता. निवडलेले बी राखेत घोळवून त्या तुंब्यात भरायच्या आणि तोंडाला चिंधीचा बोळा घालून वरून शेणाने लिंपायच्या. असे तीन-चार तुंबे चुलीवरच्या आढ्याला टांगलेले होते, धुराने काळे झालेले.

मी विचारले, "आजी, बियाला कोणतं फळ ठेवता?"

त्या म्हणाल्या, "जे खावंसं वाटतं तेच ठेवायचं, साहेब. जे कुणी खात नाही ते ठेवलं तर काय उगवंल?"

हे उत्तर ऐकून मी गप्प झालो. कारण आपल्याकडे बहुतेक घरांत याच्या उलट चालते. चांगली फळे आपण खातो किंवा विकतो. शेवटी वेलावर जे एखादे वाकडे, किडके, पानाआड राहून गेलेले फळ असते, ते बियाला धरतो. दर वर्षी असे केले की आठ-दहा वर्षांत घरचे वाण उतरते. मग आपणच म्हणतो, "गावठी बियात आता दम राहिला नाही." दम बियात असतो. आपणच निवड उलटी केलेली असते.

माझ्या हातून झालेली चूक

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही १९९०च्या दशकातली, मी नोकरीत नवा होतो तेव्हाची. पदवी ताजी होती आणि उत्साह भरपूर होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात एका काकींच्या परड्यात तवसे होत असे. तवसे म्हणजे पावसाळ्यातली मोठी काकडी, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. त्यांचे तवसे हातभर लांब, फिकट हिरवे आणि त्यावर पांढऱ्या रेघा असलेले. गणपतीत कोवळे खायचे. जून झालेली फळे सुंभाने बांधून वाशाला टांगून ठेवायची आणि दिवाळीपर्यंत एकेक काढून त्याचे धोंडस करायचे.

मी काकींना सांगितले, "हे जुने वाण सोडा. संकरित काकडीची पुडी देतो, तिप्पट माल निघेल." काकींनी माझ्यावर विश्वास ठेवला. परडे लहान, म्हणून त्या वर्षी तवसे लावलेच नाही. काकडी खरोखरच भरपूर आली आणि मी फुशारकीने तसा अहवालही लिहिला. दुसऱ्या वर्षी काकींनी त्याच काकडीचे बी धरून लावले. संकरित वाणाचे बी दुसऱ्या पिढीत सारखे उतरत नाही, हे मला ठाऊक होते, पण ते त्यांना सांगायचे माझ्या लक्षात राहिले नव्हते. काही वेल वांझ निघाले, काही फळे वाकडी, काही कडू. तिसऱ्या वर्षी त्यांनी माळ्यावरची तवशाच्या बियांची जुनी पुरचुंडी काढली. दोन पावसाळ्यांची ओल लागून ते बी मेले होते. एकही दाणा उगवला नाही.

काकी मला रागाने काही बोलल्या नाहीत. "सासूबाईंच्या हातचं बी होतं हो," एवढेच म्हणाल्या. नंतर मी दोन-तीन गावांत चौकशी केली. तवसे मिळाले, पण ते पांढऱ्या रेघांचे मिळाले नाही.

याचा अर्थ संकरित किंवा सुधारित वाण लावू नये, असा नाही. जरूर लावा. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने आपल्या भरपूर पावसाच्या भागासाठी चांगली वाणे दिली आहेत. काकडीत 'शीतल', कारल्यात 'कोकण तारा', दोडक्यात 'कोकण हरिता', पडवळात 'कोकण श्वेता'. ही सुधारित वाणे आहेत, संकरित नव्हेत, म्हणून नीट निवड केली तर यांचेही बी घरी धरता येते. माझे सांगणे एवढेच की नवे आणताना घरचे मोडू नका. निदान एक आळे जुन्या बियाचे असू द्या. पुडी दुकानात पुन्हा मिळते. सासूबाईंच्या हातचे बी कोणत्याच दुकानात मिळत नाही.

बी कसे धरावे

पहिली गोष्ट निवड. बागेत सकाळी एक फेरी मारा. जो वेल निरोगी आहे, ज्याला फळे भरपूर लागली आणि घरच्यांना ज्याची चव आवडली, त्या वेलावरचे चांगले पोसलेले फळ बियाला धरा आणि त्याच्या देठाला रंगीत चिंधी बांधा. चिंधी पाहिली की घरातले कुणी ते तोडणार नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या भेंडीच्या झाडावर किंवा पाने चुरडलेल्या मिरचीवर बी धरू नका. अशी झाडे उपटून पुरून टाका.

काकडी आणि दुधी चाखल्याशिवाय बी ठेवू नका. एक चकती जिभेवर लावून पाहावी. कडू लागली तर ते फळही नको आणि बीही नको. कडू दुधी तर मुळीच खाऊ नये, त्याचा रसही पिऊ नये. त्याने विषबाधा होते आणि प्रसंगी जिवावर बेतते.

दुसरी गोष्ट, फळ पुरते पिकू द्यावे. काकडी पिवळी-तपकिरी होऊन मऊ पडली पाहिजे. तिचे बी गरासकट मडक्यात घालून थोड्या पाण्यात एक दिवस-रात्र ठेवावे. बुळबुळीतपणा सुटतो. मग चोळून धुवावे. तळाशी बसलेले बी ठेवावे, वर तरंगणारे फेकून द्यावे. वांगे झाडावर पिवळे होऊ द्यावे आणि त्याचे बी गर कुस्करून धुऊन घ्यावे. कारले नारिंगी होऊन फुटू लागले की काढावे आणि बियांवरचे तांबडे आवरण चोळून काढावे. दोडका, घोसाळे आणि दुधी वेलावरच वाळू द्यावेत, हलवले की आत बी खुळखुळले पाहिजे. भेंडीची बोंडे आणि चवळीच्या शेंगा वाळून उलायला लागल्या की लगेच काढाव्यात.

तिसरी गोष्ट वाळवणे. बी पत्र्यावर, भर दुपारच्या उन्हात टाकू नका, ते भाजून निघते. सुपात किंवा चटईवर पातळ पसरून सकाळचे कोवळे ऊन चार-पाच दिवस द्यावे आणि दुपारी सावलीत घ्यावे. काकडी-दुधीचे बी वाळले की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. दाणा दोन बोटांत धरून वाकवावा. वाकला तर अजून ओला आहे, कट्‌कन मोडला तर वाळला.

चौथी गोष्ट साठवण, आणि येथेच घाई आहे. मृगाची हवा लागली की दमटपणा एकदम वाढतो आणि वाळलेले बी ती ओल पिऊन घेते. काकींची पुरचुंडी अशीच गेली. म्हणून पुढे ठेवायचे बी पहिल्या पावसाआधीच बंद झाले पाहिजे. बी सावलीत निवू द्यावे. चुलीतली चाळलेली, कोरडी, थंड राख बियांच्या बरोबरीने घेऊन त्यात बी घोळवावे. मग तुंबा, घट्ट झाकणाची काचेची बाटली किंवा पत्र्याचा डबा भरून तोंड बंद करावे. वर वाणाचे नाव आणि साल लिहावे. आपल्या घरी चूल नसेल, गॅस असेल, तर राख शेजाऱ्यांकडून आणावी. त्यात कमीपणा नाही. सगळे बी एकाच डब्यात ठेवू नये. निम्मे आपल्या घरी, निम्मे बहिणीकडे किंवा लेकीकडे ठेवावे. उंदराने एक डबा फोडला तरी वाण वाचते.

गेल्या वर्षीचे बी पेरायचे असेल तर आधी तपासून घ्या. वीस दाणे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून सावलीत ठेवा, तुकडा सुकू देऊ नका. आठ दिवसांत चौदा किंवा जास्त उगवले तर बी उत्तम. दहाच उगवले तर आळ्यात दुप्पट दाणे टाका. पाचच उगवले तर वेळीच दुसरीकडून बी आणा. रोहिणीत हे कळले तर उपाय करता येतो. मृगात कळले तर धावाधाव होते.

उभ्या झाडांचे काय करावे

बागेतले सगळेच मोडीत काढण्यासारखे नसते. वांग्याची झाडे मुळाशी निरोगी असतील तर जमिनीपासून सुमारे एक फूट ठेवून धारदार कोयत्याने तिरकी छाटावीत. किडके शेंडे आणि फळे गोळा करून खोल पुरावीत. बुंध्याशी पाटीभर कुजलेले शेणखत घालून मातीची भर द्यावी आणि दोन-तीन वेळा पाणी द्यावे. नवी फूट येते आणि सुमारे दोन महिन्यांत पुन्हा वांगी लागतात. जेथे पाऊस फार, तेथे बुंध्याशी पाणी साचणार नाही एवढी उंच भर हवी.

मिरचीवरची लाल फळे काढून बियाला आणि तिखटाला वाळवून घ्या. न्हाणीच्या सांडपाण्यावरचा अळू आणि केळी यांच्यातली सुकी पाने काढून गड्ड्यांना माती लावा. हळद आणि आले यांचे बेणे सावलीत पसरून पाहा. डोळे फुगलेले कंद लावायला ठेवा, मऊ पडलेले काढून टाका.

आळी भरण्याची रीत

वेलभाज्यांसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल आळी खणावीत. दुधी-भोपळ्याच्या आळ्यांत आठ फूट आणि दोडका-कारल्याच्या आळ्यांत पाच फूट अंतर ठेवावे. आळी आठ-दहा दिवस उन्हात उघडी ठेवावीत. मातीतल्या किडींचे कोष आणि अंडी उन्हाने मरतात. हा मेमधल्या उन्हाचा फुकटचा फायदा आहे, पावसाळ्यात तो मिळत नाही.

मग तळाशी वितभर पालापाचोळा, त्यावर दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर राख मातीत मिसळून आळे भरावे. शेणखत ओले, ताजे नसावे. त्यात हुमणी येते आणि मुळे खाते. भातरोपासाठी राब भाजताना आपण वाडीतला सगळा पाचोळा पेटवून देतो. त्यातले दोन हारे परसबागेच्या नावाने बाजूला काढून ठेवा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर आळे जमिनीच्या वर आठ-नऊ इंच उंचवटा करून भरावे आणि बाजूने पाण्याला वाट काढून द्यावी. दिंडोशीपासून फार दूर नसलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. असा दिवस क्वचित येतो, पण शे-दोनशे मिलिमीटरचे दिवस आपल्याकडे दर वर्षी येतात. खड्ड्यातला वेल तेवढ्यानेही कुजतो. देशावरच्या बेताच्या पावसाच्या गावांत याच्या उलट करावे. आळे जमिनीपेक्षा चार बोटे खाली ठेवावे, म्हणजे पडलेला थेंब न् थेंब मुळाशी जाईल.

रोपे आणि मांडव

पाऊस पडल्यावर बी टोकण्यापेक्षा रोपे आधी तयार करा. पळसाच्या पानांचे द्रोण, नारळाच्या करवंट्या किंवा दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात. पिशवीला आणि करवंटीला खाली भोक पाडावे. निम्मी माती, निम्मे शेणखत भरून २५ मेच्या सुमारास दोन-दोन दाणे टोकावेत. कारले आणि दोडका यांचे बी कठीण, ते रात्रभर भिजवून टोकावे. रोपे विरळ सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडावे. घरात भांडी विसळलेले पाणी यासाठी पुरते.

पहिला चांगला पाऊस होऊन जमीन निवली की तीन-चार पानांची रोपे आळ्यात लावावीत. वेलभाज्यांच्या मुळांना धक्का खपत नाही. म्हणून द्रोण तसाच पुरावा, पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट रोप लावावे आणि करवंटी आधीच फोडून घ्यावी. यामुळे आपले वेल शेजाऱ्यापेक्षा दोन आठवडे पुढे राहतात.

मांडवही आताच घाला. पावसात मेढे रोवायला गडीही मिळत नाही आणि सवडही नसते. मेढ्याचे जमिनीत जाणारे टोक हातभर भाजून घ्यावे, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. सहा फूट उंच मांडव दुधी, पडवळ, दोडका आणि कारले यांना पुरतो. फळे खाली लोंबतात, सरळ वाढतात आणि चिखलापासून दूर राहतात. चार कोपऱ्यांवर शेवग्याच्या किंवा गिरिपुष्पाच्या जाड फांद्या लावा. पावसात त्या जीव धरतात आणि पुढच्या वर्षी ते जिवंत मेढे होतात. शेवग्याच्या शेंगा मिळतात आणि गिरिपुष्पाचा पाला आळ्यात घालायला होतो.

पाच माणसांच्या घराला किती?

एक दुधी, एक भोपळा, दोन दोडके, दोन कारली, एक पडवळ आणि तीन काकड्या, अशी दहा आळी पुरे. शिवाय भेंडीच्या दोन ओळी, चवळीची एक आणि सांडपाण्यावर अळू. लावणीपासून काकडी आणि भेंडी साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत, दोडका आणि कारले दोन महिन्यांच्या आत-बाहेर, दुधी आणि पडवळ दोन महिने किंवा थोडे जास्त, असा हिशेब धरा. म्हणजे आषाढाच्या अखेरीस पहिली काकडी, श्रावणात भरपूर भाजी आणि गणपतीत पडवळ-अळूला तोटा नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, अशी आपली रीत आहे. त्या दिवशीची ऋषीची भाजी अशाच हाताने खणलेल्या परसातली असावी, हे आपल्या आज्या-पणज्यांनी ठरवून ठेवले.

भाजी लागेपर्यंतचे पाच-सहा आठवडे कसे काढायचे? त्यासाठी परसाचा एक कोपरा खणू नका, तसाच राहू द्या. पहिल्या सरीनंतर तेथे टाकळा, कुर्डू आणि कुठे फोडशी आपोआप उगवते. टाकळा कोवळा असतानाच खुडावा. शेवळ घशाला खाजतो, म्हणून काकड्याच्या फळांबरोबर किंवा चिंच घालून रीतीप्रमाणेच शिजवावा. जी भाजी आपण ओळखत नाही ती जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय चुलीवर ठेवू नये.

पावसात एवढे सांभाळा

रोपे लहान असताना तांबडे भुंगेरे पाने खातात. सकाळी दंव असताना पानांवर राख धुरळावी आणि भुंगेरे हाताने वेचावेत. गोगलगायींसाठी संध्याकाळी ओले गोणपाट अंथरून ठेवावे. सकाळी त्याखाली त्या गोळा झालेल्या सापडतात. त्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. काकडी-कारल्याचा मोठा शत्रू फळमाशी. तिच्यासाठी क्यू-ल्यूरचा गंध सापळा मांडवाखाली टांगावा. डंख लागलेली, गळलेली फळे रोज उचलून दीड फूट खोल पुरावीत. ती उकिरड्यावर टाकली तर आपणच माशी पाळतो. शेजारच्या चार घरांनीही असेच केले तर गुण येतो. एकट्याने करून पुरेसा उपयोग होत नाही.

बी देत-घेत राहिले पाहिजे

घरचे बी सांभाळणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, असे माझ्यासारख्या शिकलेल्यांनाच एके काळी वाटत होते. आता वारे फिरले आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई सोमा पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी वाल, भात आणि भाजीपाला यांची गावठी वाणे जपली, 'बाएफ' संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभी केली आणि बायांचे गट करून हे बी गावोगाव पोचवले. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे कामही एका घराच्या परसातूनच सुरू झाले.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे छाप मारून, नाव लावून विकता येत नाही.

तुमच्या गावात बचत गट असेलच. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सभेला प्रत्येकीने घरातले एकेक बी कागदाच्या पुडीत घेऊन यावे. वर नाव लिहावे आणि आपसांत वाटून घ्यावे. याला पैसा लागत नाही. एखादीचे बी गेले तर ते दुसऱ्या चौघींकडे शिल्लक असते. काकींच्या गावात एवढे झाले असते तर ते तवसे आज असते.

पाड्यावरून निघताना मी त्या आजींकडे काकडीचे थोडे बी मागितले. त्यांनी मूठभर बी कागदात बांधून दिले आणि म्हणाल्या, "पुढच्या वरसाला एवढंच परत आणून द्या. आमचं गेलं तर तुमच्याकडं असंल." मी ते लावले आणि वर्षभराने मूठभर बी त्यांना नेऊन दिले. तेव्हापासून दर वर्षी रोहिणी निघाली की आधी मी बियांची बाटली काढून पाहतो.

तुम्हीही उद्या सकाळी उठल्यावर पहिले काम हेच करा. हातात रंगीत चिंध्या घ्या, परसात जा, वेलावरचे सर्वांत चांगले फळ शोधा आणि त्याला खूण बांधा. आणि दावणीची गुरे आणखी पंधरा दिवस परसात सोडू नका.